एक्कावन्न फुलपात्रं

मुंबईला अल्पेशभाईच्या हत्यारांच्या दुकानात विनेशनं पितळेच्या एका भंगार तुकड्यावर सहज म्हणून 'भ' काढला, आणि तो भाऊंचा निघाला. भाऊंच्यासारखा नव्हे, भाऊंचाच. वरच्या गाठीपाशी जरा थबकलेला, मग काना सरळ खाली सोडून दिलेला, आणि अगदी तळाशी, जिथं हत्यार उचलायचं तिथं, तांदळाच्या कणीएवढा एक खड्डा. हा खड्डा विनेशला गेली आठ वर्षं जमला नव्हता. भाऊ म्हणजे त्याचे वडील. जन्मभर अलिबागच्या बाजारात भांड्यांवर नावं घालत बसले आणि आठ वर्षांपूर्वी गेले. विनेशनं हातातला हवेच्या यंत्राचा हँडपीस काउंटरवर ठेवला आणि तळहात पँटला पुसला. अल्पेशभाईला वाटलं, गिऱ्हाईक खूश झालं. "बोललो होतो ना विनेशभाई? ठोकायचं काम हवा करते, तुम्ही फक्त वळवायचं. हातोडी आता देव्हाऱ्यात ठेवून द्या, रोज एक फूल वाहा." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बाहेर गल्लीत हातगाडीवाले एकमेकांवर ओरडत होते. विनेशच्या कानात मात्र त्या हवेच्या ठोक्याची बारीक थरथर अजून चालू होती, आणि ती कानातून येत नव्हती, अंगठ्यातून वर चढत होती.

तो इथवर आला होता तो हौसेनं नव्हे. उजव्या हाताची तीन बोटं वर्षभर बधिर होत होती. सकाळी चहाचा कप धरला तरी कप धरलाय की नाही हे बघून खात्री करावी लागे. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं आणि सांगितलं की नस दबलीय, हातोडी बंद. पंचविशीतला कारागीर असता तर एक वेळ दुसरं काही शिकला असता, हा तर सत्तेचाळीसचा. हातोडी बंद म्हणजे करायचं काय? बाजारातले बाकीचे नाववाले थरथरत्या विजेच्या पेनानं पाच मिनिटांत नाव टाकून मोकळे होतात. ती अक्षरं वर्षाच्या घासण्यात पुसट होतात आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. विनेश ठोकून कोरणारा, उरलेला एकटाच. म्हणून अल्पेशभाईनं दोन यंत्रं पुढं मांडली होती. एक हवेवर चालणारं. छोटा कॉम्प्रेसर, पायाखाली पेडल आणि हातात मुठीत मावेल असा हँडपीस. त्याच्या टोकाला पोलादी कलम, हवा त्याला मागून ठोके देते आणि धातूचा बारीक वळसेदार कीस निघतो. दुसरं मोटरचं, फिरणारं. त्याचं टोक गरगर फिरतं आणि धातू खरवडत जातं. विनेशनं तेही हातात घेऊन बघितलं, तोच 'भ' काढला. स्वच्छ आला, सरळ आला, जरा करडा आला. कुणाचाच नव्हता तो. छापील पाटीवरचा असावा तसा. त्याला एकदम हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. अल्पेशभाई जुना माणूस, भाऊंना ओळखणारा. तो म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. आठ दिवस चालवा. जो नको तो परत आणा. हात सांगेल तुम्हाला." हातच सांगतोय, तीच तर पंचाईत आहे, असं विनेशच्या अगदी ओठांवर आलं होतं.

रेवसची लाँच सुटली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दोन्ही खोकी त्यानं पायांत धरली आणि कठड्याला टेकून बसला. लोक सीगलना गाठ्या टाकत होते, फोटो काढत होते. लाँचचं इंजिन लाकडातून, कठड्यातून हाताला लागत होतं आणि बधिर बोटांना नेमकी तेवढीच गोष्ट कळत होती. हा हात आपला आहे का, असा एक खुळा प्रश्न त्याच्या डोक्यात येऊन बसला, आणि हाकलला तरी उठेना. भाऊंना तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं, फुप्फुसात पाणी झालं म्हणून. मोठ्या डॉक्टरांनी व्हरांड्यात बोलावून सांगितलं, तीन दिवस, फार तर चार. ऐकून विनेशच्या मनात पहिली गोष्ट काय आली? रडू नाही. नातेवाइकांना फोन नाही. पहिली गोष्ट आली ती फुलपात्रांची. तेराव्याला घरोघर भांडं द्यायचं, त्यावर गेलेल्याचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ'. हे सगळ्या किनाऱ्यानं भाऊंकडूनच करून घेतलेलं. आता भाऊंचं भांडं निघणार. आणि घरात सुतक आलं की दहा दिवस छिन्नीला हात लावायचा नाही, हत्यारं फडक्यात बांधून फळीवर. हा त्यांच्या घरातला नियम, भाऊंच्या आजोबांपासूनचा. सुतक फिटल्यावर उरणारे दिवस तीन. तीन दिवसांत एक्कावन्न फुलपात्रं होत नाहीत. दुसऱ्या कुणाला द्यावीत तर नाव घालणाऱ्याच्या स्मरणाची भांडी पेनवाल्यानं खरवडलेली. गावानं नावं ठेवली असती. म्हणून तो दवाखान्यातून थेट दुकानात गेला, फुलपात्रं आणली, आणि भाऊ नाकात नळी घालून श्वास ओढत असताना घरी बसून त्यानं 'कै. भालचंद्र' लिहायला घेतलं. तारखेपुरती जागा कोरी ठेवत गेला. दोन दिवसांत निम्मी झाली. त्याला आठवत होतं, त्या दोन दिवसांत त्याला भूक नीट लागत होती.

आणि भाऊ घरी आले. डॉक्टरांनी खांदे उडवले, हा म्हातारा चिवट आहे म्हणाले. विनेशला आनंद झाला का? झाला, झाला नाही असं कसं म्हणेल; पण आनंदाच्या आधी आठवलं ते फुलपात्रांचं पोतं, माजघरात कॉटखाली ठेवलेलं. त्यानं ते तिथून हलवलं नाही. हलवायला गेलो तर वाजेल, या भीतीनं हलवलं नाही. असला मूर्खपणा माणूस मोठ्या संकटातच करतो. चौथ्या दिवशी तो बाजारातून परतला तर भाऊ पडवीत उन्हाला बसलेले, पोतं पुढ्यात मोकळं, आणि एक फुलपात्र मांडीवर घेऊन अंगठ्यानं अक्षरं चाचपताहेत. स्वतःच्या नावावरून अंगठा पुढं, परत मागं. आंधळा वाचतो तसं, डोळे मिटून. विनेश उंबऱ्यात उभाच राहिला. शिवी आली असती, फुलपात्र अंगावर भिरकावलं असतं तर तो सुटला असता. भाऊ एवढंच म्हणाले, "उथळ झालंय रे. घासल्यावर जाईल ह्ये." आणि मग, "माझी हातोडी दे."

पुढचे नऊ दिवस भाऊ आपलंच नाव खोल करत होते. उन्हाबरोबर पाट सरकवायचे, दोन अक्षरं झाली की खोकायचे, परत बसायचे. विनेशची रेघ तिथं होतीच. तिच्यावरून त्यांची छिन्नी जायची आणि विनेशचं अक्षर खाली कुठंतरी गाडलं जायचं. राहिलेली कोरी फुलपात्रंही त्यांनीच केली. दोघांमध्ये त्याबद्दल एक शब्द झाला नाही. विचारायचं काय, सांगायचं काय? नेत्राला, त्याच्या बायकोला, वाटलं म्हाताऱ्यानं कुणाची तरी ऑर्डर घेतलीय. तिनं चहा नेऊन दिला, वाचलं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी भाऊंनी शेवटचं फुलपात्र पालथं घातलं, अंगावरचा पितळेचा कीस झटकला आणि विचारलं, "आणखी हायेत का?" विनेश म्हणाला, "न्हाय भाऊ. झाली सगळी." भाऊंनी मान हलवली. पहाटे ते गेले. लाँचच्या कठड्यावर विनेशनं डोळे मिटले. दुकानात फुलपात्रं काय कमी होती? शंभर आणली असती. ताटं आणली असती, तांबे आणले असते. म्हणायचं होतं, हायेत भाऊ, उद्या आणतो. एवढंच म्हणायचं होतं. आठ वर्षं हे वाक्य तो रोज कुठं ना कुठं तयार करत होता, आणि ते ऐकायला कुणी नव्हतं.

त्यात आणखी एक फास होता, आणि तो जास्त आवळणारा होता. तेराव्याला भांडी वाटली तेव्हा जो तो म्हणाला, विनेश, बापाचा हात उचललास रे तू. थळपासून रेवदंड्यापर्यंत एक्कावन्न घरांत ती फुलपात्रं गेली आणि त्यांच्या जिवावर त्याला काम येऊ लागलं. त्यानं ते खोडून काढलं नाही. मग त्या अक्षराच्या मागं धावणं आलं. रोज ठोकताना तो भाऊंचा हात आठवायचा, मनगट त्यांच्यासारखं वळवायचा, जोर वाढवायचा, आणि अक्षर जवळ जवळ यायचं; गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही. त्याला कळायचा. नस दबली ती त्या धावण्यातच दबली, असं त्याचं मत होतं. आणि आता जोर काढून घेतला, हात नुसता वळवायला मोकळा ठेवला, तर भाऊ आपणहून आले होते. बोलावत होता तेव्हा आठ वर्षं आले नाहीत. आता का आले? काय मागायला आले?

थळला घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. खताच्या कारखान्याचा नेहमीचा घुमणारा आवाज वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. नेत्रानं खोकी उघडली, वळवून पाहिली, आणि पिशवीतला तो पितळेचा तुकडा तिच्या हाती लागला. तिनं पदरानं पुसला, दिव्याखाली धरला. "हा भाऊंचा तुकडा कुठं सापडला तुम्हाला?" विनेश म्हणाला, "अल्पेशभाईकडं होता." खोटं इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तिनं तो देवाच्या फळीवर ठेवून दिला. जेवताना ती म्हणाली, "कुमुदकाकूंचा परत फोन आलेला, नागावहून. मास्तरांचं काही खरं दिसत नाही. भांड्यांचं काय ठरवलंत, विचारत होत्या." विनेशनं भात कालवला आणि तसाच ठेवला. कुमुदकाकू म्हणजे सदानंद मास्तरांची बायको. नारळी-सुपारीची वाडी, मुलगा कुशल परदेशात, आणि बाई अशी की दिवाळीची यादी गणपतीत करणार. नवऱ्यानं अंथरूण धरलं तसं तिनं एक्कावन्न फुलपात्रं आणूनसुद्धा ठेवली होती. तुझ्या हाताला वेळ लागतो, कुशलला चार दिवसांचीच सुट्टी मिळेल, म्हणून आत्ताच लिहून ठेव, तारीख तेवढी मागाहून. आणि अक्षर आमच्या देवघरातल्या भाऊंच्या फुलपात्रावर आहे तसंच पाहिजे. हे सगळं ती फोनवर एका दमात, वाण्याला सामान सांगावं तसं म्हणाली होती. जित्या माणसाचं नाव पुन्हा लिहायचं नाही, हे विनेशनं स्मशानातच ठरवलं होतं. रात्री अंथरुणावर त्यानं निकाल लावून टाकला. फिरणारं ठेवायचं. त्यानं दोन दिवसांत सगळी होतील, तेही मास्तर गेल्यावर. आधी लिहायची गरज नाही, आणि अक्षर कुणाचंच नाही. हवेचं परत.

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही खोकी रिक्षात घालून नागावला गेला. दोन्ही कशाला घेतली हे त्याला सांगता आलं नसतं. काकूंनी बघून घ्यावं, नंतर बोल नको, असं तो मनाशी म्हणाला खरा. मास्तरांची कॉट ओटीवर, वाडीकडच्या खिडकीशी लावली होती. माणूस आटून नुसता नाक आणि कान उरला होता. पाचवी ते सातवी विनेश त्यांच्या वर्गात होता. छडी जवळ ठेवायचे, पण वापरायचे लाल पेन्सिल. काकू त्याला खूण करून मागच्या पडवीत नेत होत्या, पण मास्तर म्हणाले, "इथंच बस, विनेश. माझंच काम आहे ना?" काकूंचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" "एक्कावन्न फुलपात्रं कॉटखाली ठेवलीस, कुमुद. रात्री उतरताना पाय लागला की वाजतात." विनेशला वाटलं उठावं आणि रिक्षा गाठावी. तो बसला. खिशातून दोन तुकडे काढून त्यानं कॉटवर ठेवले. फळीवरचा भाऊंचा 'भ' निघताना त्यानं परत घेतला होता. एक ह्या यंत्राचं, एक त्या यंत्राचं, असं काहीतरी तो पुटपुटला.

मास्तरांनी चष्मा मागितला. करडा तुकडा त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्यावर नख फिरवलं. "हे भाऊंचं." "न्हाय मास्तर, मीच, काल मुंबईत..." "तू काढलं असशील. आहे भाऊंचं." मग श्वास गोळा करून ते म्हणाले, "तीन वर्षं तुझ्या वह्या तपासल्यात मी. तुझा काना डावीकडं कलतो. फुलपात्र घरात आलं त्या दिवशीच मी ओळखलं. म्हटलं, म्हाताऱ्यानं आपलं आपणच लिहिलं की काय!" काकू म्हणाल्या, "मला नाही ते कधी बोललात." "तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं." विनेश खाली बघत होता. आणि आठ वर्षं कुणालाच न सांगितलेलं त्यानं सांगून टाकलं; मास्तर विचारत नव्हते तरी. दवाखाना, पोतं, अंगठा, नऊ दिवस. सांगताना त्याचा आवाज पाचवीतल्या पोरासारखा बारीक झाला. "शेवटी विचारलं, आणखी हायेत का. मी न्हाय म्हटलं. पहाटे गेले." वाडीत रहाटाची मोटर चालू होती, पाणी पाटातून धावत होतं. मास्तर बरं म्हणतील, त्यात तुझा काय दोष म्हणतील, अशी त्याची फार खोलवर आशा होती. ते तसं काही म्हणाले नाहीत. खिडकीकडं बघत राहिले. त्यांच्या गळ्यावरची शीर उडताना दिसत होती.

"ह्या यंत्रानं किती दिवस लागतील?" त्यांनी फिरणाऱ्याच्या खोक्याकडं बोट केलं. "दोन दिवस." "आणि ते दुसरं?" "तेही तेवढंच. पेडल दाबाल तसं." "हळू चालतं का?" असा प्रश्न यंत्राबद्दल कुणी विचारत नाही. विनेशनं फिरणारं लावून बघितलं. वेग कमी केला की टोक घसरायचं, धातूवर नुसतं नाचायचं. मग त्यानं कॉम्प्रेसर ओढला, वायर जोडली, हवा भरू दिली आणि पेडलवर चप्पल काढलेला पाय अगदी हलका ठेवला. हँडपीसमधून एक ठोका आला. मग थांबून दुसरा. माणूस हातोडी मारतो त्याहूनही सावकाश. मास्तर ऐकत होते, मान किंचित तिरकी करून. वर्गात पोरगं पाढा म्हणताना ऐकायचे तशी. "हेच घे," ते म्हणाले. "आणि इथं बसून लिही. माझ्यासमोर." "मास्तर, मी जित्या माणसाचं..." "नावाआधीचं ते 'कै.' आणि पुढचं ते स्मरणार्थ राहू दे तुझ्याकडं. जागा सोड. नुसतं माझं नाव लिही. ते तर माझंच आहे?" काकूंनी वाकून कॉटखालून एक फुलपात्र ओढलं, पदरानं पुसलं आणि विनेशपुढं धरलं. विनेशनं ते घेतलं तेव्हा त्याचा हात अगदी स्थिर होता. त्याला ते बरोबर वाटलं नाही, पण तसं होतं खरं.

'स' भाऊंचा आला. तळाशी तो खड्डा, कणीएवढा. विनेशनं वर पाहिलं. मास्तरांनी बघितलं होतं. "येऊ दे," ते म्हणाले. 'दा'चा काना डावीकडं कलला, पुढचा परत सरळ आला. मधूनच तो थांबायचा, ठोका थांबायचा, आणि त्या थांबण्यात मास्तरांचा श्वास ऐकू यायचा. मग पुन्हा पेडल. एका फुलपात्राला सकाळ गेली. बोटांना मुंग्या आल्या नाहीत. काकूंनी नाव पूर्ण झालेलं फुलपात्र उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते नीट धरलं, अंगठा अक्षरांवर ठेवला, तिथंच राहू दिला. दुपारपर्यंत विनेशला मास्तर शांत वाटत होते. म्हाताऱ्यांना कळतं सगळं, ते तयार असतात, असं आपण म्हणतो. तोही मनात तेच म्हणत होता. मग त्याचं लक्ष गेलं, की मास्तरांच्या ओठांची सारखी हालचाल होतेय. ते कॉटखालच्या भांड्यांकडं बघत होते. मोजत होते.

"कुमुद, एक्कावन्न कमी पडतील."

"कमी कशी पडतील? यादी केलीय मी," काकू म्हणाल्या. "एक्कावन्नच घरं आहेत आपली."

"मग घरं शोध."

काकूंनी नवऱ्याकडं नीट वळून बघितलं. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस काही मागताना त्यांनी पाहिला नसावा, असं त्यांच्याकडं बघून विनेशला वाटलं. मास्तर उठून बसायला धडपडत होते. डोळ्यांत सरळ सरळ भीती होती, लपवलेली नव्हती, आणि विनेशला ती ओळखू आली. आठ वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी भाऊंच्या डोळ्यांतून ती त्याच्याकडं बघत होती आणि त्यानं मान खाली घातली होती. काकूंनी नवऱ्याच्या पाठीशी उशी लावली. कोनाड्यातून वही काढली, पेन शोधलं, कॉटच्या कडेला टेकल्या.

"माणगावच्या तुमच्या भावाला धरू?" त्यांनी विचारलं. "वीस वर्षं बोलत नाही तुम्ही त्याच्याशी."

"धर," मास्तर म्हणाले. "त्याच्या दोन्ही मुलांना वेगवेगळं धर."